तलावाच्या पोटातली ज्वारी

चंद्रपूरकडच्या सावली तालुक्यात माणसं भात पेरतात, भात खातात आणि भाताच्याच तणशीवर, म्हणजे पेंढ्यावर, ढोरं जगवतात. त्या मुलखात, भर हिवाळ्यात, तलावाच्या पोटात ज्वारी पेरणारी पहिली बाई मी. हे सांगताना माझा आवाज जरा चढतो, हे मला ठाऊक आहे. घरातली पोरं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. अभिमानानं सांगावं असं आयुष्यात फार नसतं, आणि जे असतं ते हळू आवाजात का सांगायचं?

यंदा थंडी लवकर उतरली. सकाळी तलावाच्या बांधावर, पाळीवर, गेले, तर खाली सगळं धुकं साचलेलं. जणू तलाव पाण्याऐवजी धुक्यानंच भरला होता. मग ऊन वर आलं आणि एकेक पट्टी दिसू लागली, आधी शेंडे, मग पानं, मग ओल्या काळ्या गाळात रोवलेली बुडं. ज्वारी. दाट पेरलेली, बारीक धांड्याची म्हणजे ताटाची, ढोरांसाठीची ज्वारी. मी खाली उतरले, एक पान बोटांत धरून पाहिलं. थंडगार होतं, कडेला करकरीत, पण रंग हिरवाच होता. हिवाळ्यात ज्वारीचा रंग आधी बघायचा, ही सवय आता हाडात गेली आहे. ती कशी गेली, तेच सांगायचं आहे.

माझं माहेर गडचांदूरच्या पलीकडे, काळ्या रानात. दुपारी चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडाला की घराची भांडी हलकी वाजायची आणि आई म्हणायची, "चला, जेवाची वेळ झाली." आमच्याकडे कापूस, सोयाबीन आणि ज्वारी. ज्वारीच्या शेतातून वारा जातो तेव्हा कुणी नवं कोरं लुगडं नेसून चाललंय असा आवाज येतो. त्या आवाजात मी मोठी झाले. बाबा एक पट्टी ढोरांसाठी वेगळी ठेवायचे. तिच्यात बी दाट टाकायचे. म्हणायचे, "दाट पेरलं का धांडा बारीक होते. ढोर मंग बुडापासून शेंड्यापर्यंत खाते, टाकत नाई."

लग्न होऊन मी भाताच्या मुलखात आले, तेव्हा पहिलं वर्ष नुसतं ऐकण्यात गेलं. धानाचा, म्हणजे उभ्या भाताचा, आवाज वेगळा. वारा धानावरून जातो तेव्हा काही वाजत नाही, नुसती झुळझुळ. भातानं पोट भरायचं, पण भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही. हे मी कुणाला बोलले नाही. नवी सून होते, दहावी शिकलेली म्हणून आधीच थोडी वेगळी धरलेली.

घरात आम्ही तिघंच. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेले होते. आमचे हे धानकापणी झाली की आरमोरीला राइस मिलमध्ये कामाला जात, ते होळीच्या सुमारास परतत. म्हणजे हिवाळाभर घरात मी आणि सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे. आत्याबाई ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पायांचे पंजे रुंद पसरलेले. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून हाताच्या जाळ्यानं झिंगे धरण्यात त्यांचा जन्म गेला होता. तलावाखाली आमची थोडी धानाची जमीन होती आणि एक बैलजोडी, बांड्या आणि मोऱ्या. आत्याबाई कमी बोलत. दोन वर्षांत त्यांनी मला कधी टोचून बोलल्याचं आठवत नाही, आणि कधी काही विचारल्याचंही आठवत नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. त्या साली पाऊस भादव्याच्या तोंडालाच उठून गेला. पोळ्याला पडला तो शेवटचा. धान पोटरीत आलेलं आणि बांध्यांना, धानाच्या वाफ्यांना, भेगा. गावानं तलावाचं दार उघडलं, होतं ते पाणी धानाला दिलं. अर्धं धान वाचलं, अर्धं उभ्या उभ्या पांढरं पडलं. कापणी लवकर आटोपली. मळणी झाल्यावर अंगणाच्या कडेला तणशीचा ढीग रचला, तर तो माझ्या खांद्याएवढाच झाला. दर वर्षी त्याच्यावर चढायला शिडी लागायची.

आत्याबाई ढिगाभोवती एक फेरी मारून आल्या. हातातली काडी मोडून पाहिली.

"हे होळीवरी पुरत नाई," त्या म्हणाल्या. "बैल विका लागन."

एवढंच. बैल गेले म्हणजे पुढच्या पावसात चिखलणी कशी करायची? दुसऱ्याचे बैल मागायचे तर दुसऱ्याच्या दारातही तेवढाच ढीग होता. बांड्या खुंट्याशी उभा राहून आमच्याकडेच बघत होता. त्याच्या डोळ्यांच्या कडा नेहमी ओल्या असायच्या, त्यामुळे त्याला सगळं कळतं असं वाटायचं.

मी म्हटलं, "आत्याबाई, ज्वारी पेरून पाहू. खाची नाई. ढोरायच्या चाऱ्याची."

दोन वर्षांत मी पहिल्यांदाच घराच्या कारभारात तोंड घातलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कुठी? बांधीत?"

"हो."

"चाल, दाखव."

आम्ही कुदळ घेऊन बांधीत गेलो. मी कुदळ मारली आणि ती परत उडाली. धान निघालेली, उन्हानं भाजलेली जमीन विटेसारखी झाली होती. मी आणखी दोनतीन ठिकाणी मारून पाहिलं. आत्याबाई बांधावर बसून बघत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, झालं समाधान? पण त्या उठल्या, लुगड्याचा काष्टा खोचला आणि तलावाकडे चालू लागल्या. मी मागोमाग.

तलावातलं पाणी मध्यभागी आकसलं होतं. त्या साली ते दिवाळीआधीच इतकं मागं हटलं होतं, जितकं एरवी होळीला हटतं. भोवती काळा, ओला, चकचकीत गाळ. आत्याबाईंनी वाकून मूठभर गाळ उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हे चालते का तुह्या ज्वारीले?"

मी मूठ आवळली. बोटांच्या फटींतून तो लोण्यासारखा बाहेर आला. नाकाशी नेला. मासोळीचा, कमळाच्या कुजलेल्या देठांचा वास होता, पण त्याच्याखाली, अगदी खाली, माझ्या बापाच्या शेताचा वास होता. पहिल्यांदा नांगरलेल्या काळ्या मातीचा. मी नुसती मान हलवली.

आत्याबाईंना काय समजलं कोण जाणे. त्यांनी पदरानं माझा हात पुसला.

पण तलाव काही आमचा नव्हता. पाण्यात मासेमारी करायचा आमचा हक्क होता, पाणी हटलेल्या जमिनीवर सगळ्या गावची ढोरं चरायची. संध्याकाळी मारुतीच्या पारावर चारजण बसले होते, तिथं आत्याबाई मला घेऊन गेल्या. गावात ज्यांचा शब्द चालायचा ते महागूभाऊ तिथं होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पाहा बाई," ते आत्याबाईंना म्हणाले, "पाणी हटलं का तलाव ढोरायचा. आमच्या आज्यापासून असंच हाय."

"ढोरायलेच पेरून राह्यलो न भाऊ," आत्याबाई म्हणाल्या. "माणसायले कुठी पेरतो?"

लोक हसले. महागूभाऊही हसले. "धानाच्या गावात ज्वारी," ते म्हणाले. "अन् तेबी थंडीत. पेरा बाप्पा. पण कुंपण तुमचं. ढोर शिरलं त बोलाचं नाई."

दिवाळीला मी माहेरी गेले आणि बियाण्याचं पोतं घेऊन आले. एसटीत ते मांडीला टेकवूनच बसले होते. निघताना बाबांनी सांगितलं होतं, "मातीत ऊब हाय तवाच पेर. ज्वारी उन्हाची लेक हाय. एकदा थंडी शिरली का दाणा मातीतच झोपून जाते."

पेरायच्या दिवशी मी सरळ खोलगट, सपाट भाग निवडला. तिथं ओल जास्त होती, जमीन चादरीसारखी सारखी होती. आत्याबाई थांबल्या.

"इथी नको. अंमळ वर, त्या उताराले पेर."

"काऊन? इथी ओल हाय."

"मी पूस महिन्यात इथी झिंगे धरते. इथी पाय बधिर होते. तिथी नाई होत. इथी थंडी बसते बाई, उठतच नाई."

मला नवल वाटलं. ज्या जमिनीवर मी त्या वर्षी पहिल्यांदा उभी होते, तिचा थंड कोपरा कुठला आणि उबदार कोपरा कुठला, हे त्यांना पाण्याखालून माहीत होतं. चाळीस हिवाळे त्यांच्या पायांनी तो तळ हातानं चाचपावा तसा चाचपला होता. आम्ही उतारावर पेरलं, जिथं उगवतीचं ऊन आधी पडायचं. बी दाट टाकलं. तरी पोत्यात थोडं उरलं. ते परत काय न्यायचं म्हणून मी खोलगट भागातही विखरून दिलं. आत्याबाईंनी अडवलं नाही.

बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं. फांद्या कमी पडल्या तिथं आत्याबाईंनी जुनी जाळी आणून ताणली. मासे धरायची जाळी रानडुकरांना अडवायला. गावातल्या बाया पाळीवरून जाताना म्हणायच्या, "पार्बताबाई जमिनीवर मासोळ्या धरून राह्यली." आत्याबाई, म्हणजे ह्याच पार्बताबाई, गाठी मारत राहायच्या.

कोंब वर आले त्या सकाळी मी एकटीच तलावात होते. गाळावर आधी बारीक भेगा दिसल्या, मग प्रत्येक भेगेतून हिरवी सुई. मी खाली बसले आणि बराच वेळ बसून राहिले. माहेरी ज्वारी दर वर्षी उगवायची, तिच्याकडे कोण बघत बसणार? इथं ती परकी होती, माझ्यासारखी. आणि उगवली होती.

नंतरचे दिवस सुखाचे गेले. मार्गशीर्षात उतारावरची ज्वारी कमरेला लागली. वाऱ्यानं वाजायला लागली. गावातली म्हातारी माणसं पाळीवर उभी राहून तो आवाज ऐकायची. गावची ढोरं राखणारे कवडूभाऊ कुंपणाशी येऊन थांबायचे, पान चोळून वास घ्यायचे. मोठा मायाळू माणूस. ढोरांच्या मागे फिरून त्यांची चालही ढोरांसारखी संथ झाली होती. म्हणायचे, "वहिनी, हे पाहून माह्याच तोंडाले पाणी सुटते, ढोरायचं काय सांगू."

मग पूस, म्हणजे पौष, लागला आणि थंडी आली. नुसता गारवा नव्हे, हाडं शोधत येणारी थंडी. वैनगंगेकडून वारा सुटायचा, सकाळी शेकोटीजवळून उठवत नसे. तलावाच्या खोलगट भागात धुकं दुपारपर्यंत बसायचं, आत्याबाईंनी सांगितलं होतं अगदी तसं. उतारावरची ज्वारी हळू झाली, पण वाढत राहिली. खालची मात्र गुडघ्याशी येऊन थांबली. आठवडा गेला, ती तेवढीच. पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग जांभळट-लाल. लांबून बघणाऱ्याला तो रंग सुंदर वाटला असता. मी तो रंग माहेरी पाहिला होता.

मी लहान होते तेव्हा आमची एक गाय अशाच ज्वारीत शिरली होती. कापणीनंतर बुडख्याला फुटलेली, पाण्यावाचून आखडलेली, कोवळी ज्वारी. तिनं दहापंधरा घास घेतले असतील. मग ती थांबली, जणू कुणी हाक मारली असावी, आणि थरथरू लागली. तोंडाला फेस. श्वास असा, की आवाज घरापर्यंत यावा. बाबा धावत पोचेपर्यंत ती सरीत आडवी झाली होती. त्याला आमच्याकडे किरळ म्हणतात. ज्वारी नीट वाढली की तिच्यात ते राहत नाही, पण कोवळी असताना किंवा पाण्यानं, थंडीनं मार खाल्ला, वाढ खुंटली, की तिच्यात विष साचतं. दिसायला चारा, पोटात गेला की मरण.

भाताच्या मुलखात हा शब्दच नव्हता.

तोवर गावातल्या तणशीचे ढीग गुडघ्यावर आले होते. ढोरांच्या फासळ्या दिसू लागल्या होत्या. आणि तलावाच्या पोटात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, हा हिरवा-लाल तुकडा उभा. एक दिवस महागूभाऊ घरी आले, ओसरीवर बसले.

"बाई, तुमची वरची ज्वारी तुम्हीच ठेवा. तिच्यावर आमचा डोळा नाई," ते आत्याबाईंना म्हणाले. "पण खालची काई वाढत नाई. तेवढी ढोरायले मोकळी करा. उपाशी मरून राह्यले ढोरं."

आत्याबाई म्हणाल्या, "करा न भाऊ. गावचंच हाय."

मी दाराच्या आत होते. बाहेर आले. डोक्यावरचा पदर सरळ केला आणि म्हटलं, "नाई, भाऊ. त्या ज्वारीत किरळ हाय. ढोरं मरतीन."

"काय हाय?"

मी सांगितलं. गाईचं सांगितलं. महागूभाऊंनी ऐकलं, पण त्यांचा चेहरा बंद झाला.

"धान खाऊन ढोर मेलं असं आम्ही कधी पाह्यलं नाई," ते म्हणाले. "चारा खाऊन ढोर मरते, हे आजच ऐकलं. द्याचं नसन त तसं सांगा. सबब कायले?"

ते उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर माझ्यासाठी कुणी जागा करेना. कुणी वाईट बोललं नाही. बोलणंच थांबलं. आत्याबाईंचं त्या गावात आयुष्य गेलं होतं. त्यांच्या घरची सून गावाच्या उपाशी ढोरांना चारा नाकारते, ही बोच त्यांना कशी लागली असेल, ते मला आज कळतं. आज मीही सासू आहे. पण त्या दिवशी त्यांनी मला फक्त एकदा विचारलं.

"तू पाह्यलं का ते? तुह्या डोयानं?"

"पाह्यलं, आत्याबाई."

त्या हूं म्हणाल्या आणि चुलीत लाकूड सारलं.

दोन दिवसांनी सकाळी, धुकं उठत असताना, कळप तलावात उतरला. कवडूभाऊ मागे होते आणि त्यांच्यामागे पाचसहा माणसं. ढोरांना हाकायची गरज नव्हती. त्यांना हिरवा वास आला होता. मी धावत कुंपणाच्या तोंडाशी गेले आणि दोन्ही हात पसरून उभी राहिले. समोर शिंगं, नाकपुड्यांतून निघणारी वाफ. भुकेलं ढोर माणूस बघत नाही.

"बाजूले हो वहिनी," कवडूभाऊ म्हणाले. त्यांना ते बोलायला जड जात होतं. "लोकायनं ठरवलं हाय."

तेवढ्यात पाळीवरून आत्याबाई खाली येताना दिसल्या. हातात मोठं जाळं, पाण्यात टाकायचं, नवं, त्यांनी त्या पावसाळ्यात विणलेलं. त्या घाईत नव्हत्या. लोकांमधून वाट काढत आल्या, जाळ्याचं एक टोक कुंपणाच्या खुंटाला बांधलं, दुसरं टोक घेऊन समोरच्या खुंटाला बांधलं आणि माझ्या शेजारी, चिखलात, मांडी घालून बसल्या.

महागूभाऊ म्हणाले, "पार्बताबाई, तुमी त जाणत्या हात."

"म्हणूनच बसली," आत्याबाई म्हणाल्या. "तलावाचं मले समजते, ज्वारीचं इले समजते. माह्या सुनेनं नाई म्हटलं, म्हणजे नाई."

म्हाताऱ्या विधवा बाईला ओलांडून ढोरं घालणारा माणूस त्या गावात नव्हता, हे त्या गावाबद्दल मी आजही अभिमानानं सांगते. कवडूभाऊंनी काठी आडवी धरली आणि कळप वळवायला लागले.

वळवता वळवता त्यांचंच एक वासरू मागच्या बाजूनं, जाळी जिथं सैल होती तिथं, तोंड घालून बसलं. कुणाच्या लक्षात आलं तोवर त्यानं काही घास ओढले होते. कवडूभाऊंनी त्याला मागं खेचलं. ते चार पावलं चाललं आणि थांबलं. मग थरथरू लागलं. मागचे पाय मोडले. तो श्वासाचा आवाज मी ओळखला. बाकीचे सगळे पहिल्यांदाच ऐकत होते.

मी ओरडले ते फक्त गुळासाठी. कुणीतरी धावत जाऊन गुळाचं पाणी आणलं, माहेरी तसंच पाजायचे म्हणून. आम्ही त्याचं तोंड वर धरून पाजलं. कवडूभाऊंनी त्याची मान मांडीवर घेतली होती आणि ते त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत होते. ऊन वर आलं, धुकं फाटलं, कुणी तिथून हललं नाही. दुपारकडे त्या वासरानं मान उचलली. संध्याकाळी ते उभं राहिलं. गुळानं वाचलं की थोडंच खाल्लं होतं म्हणून वाचलं, मला माहीत नाही, आणि मी तसं सांगितलंही. पण महागूभाऊ तो सगळा वेळ माझ्या समोर उभे होते. जाताना ते थांबले.

"सांग बाई," ते मला म्हणाले, आत्याबाईंना नव्हे. "आता काय कराचं हिचं?"

"कापू," मी म्हटलं. "कापून उन्हात वाळवू. पुरी वाळली का जोर जाते तिचा."

अख्खं गाव कापायला आलं. जाळीनं वेढलेल्या त्या तुकड्यात बाया रांगेनं बसल्या, आणि धान कापणारे ते हात ज्वारीवरही तसेच चालले. पाळीवर, ढोरांची तोंडं पोचणार नाहीत अशा ठिकाणी, सगळं पसरलं. दिवसा उलटायचं, संध्याकाळी गोळा करून झाकायचं, कारण दवानं परत ओलं होतं. पानं वाळून करकरीत झाली, जांभळा रंग उडून मातकट झाला. मग प्रश्न आला, ती पहिल्यांदा कुणाच्या ढोराला घालायची. कुणी पुढं येईना.

मी एक लहान पेंढी घेतली आणि बांड्यासमोर गेले. बाबांच्या शब्दाशिवाय माझ्याजवळ काही नव्हतं. मी पेंढी हातातच धरली, खाली टाकली नाही. बांड्यानं हुंगलं, जीभ काढली, खेचलं आणि चावू लागला. त्याच्या चावण्याचा तो कुरकुर आवाज मी श्वास धरून ऐकला. आत्याबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघी तिथून हललो नाही. बांड्यानं रवंथ केलं, शेण टाकलं, आणि दुसरी पेंढी मिळते का म्हणून माझा पदर ओढला.

दुसऱ्या सकाळी ज्यांच्या दारात बैल होते त्या प्रत्येक घरी पेंढ्या गेल्या. माघात उतारावरची ज्वारी डोक्याच्या वर गेली, फुलोऱ्यात आली. आता भीती नव्हती. ती हिरवीच कापून घातली, आमच्या बैलांना आणि शेजारच्यांनाही. तणस आणि ज्वारी मिसळून गावानं उन्हाळा काढला. ढोरं लठ्ठ झाली असं खोटं सांगणार नाही. पण आषाढात चिखलणीला बैल होते. बांड्या आणि मोऱ्या बांधीत उतरले तेव्हा चिखल पार माझ्या तोंडावर उडाला आणि मी तो पुसला नाही.

आता चिखलणी ट्रॅक्टर करतो. बैल थोडे उरले, दुधाच्या म्हशी वाढल्या. पण हिवाळ्यात तलावाच्या उतारावर ज्वारीच्या पट्ट्या असतातच. आजूबाजूच्या गावांतही पाणी हटलं की पेरतात. मागच्या पंधरवड्यात पाळीवरून येताना एक नवी सून दुसरीला समजावताना ऐकली, "लाल पान दिसलं का हिरवं घालू नको बाई, किरळ हाय." शब्द असा उच्चारला, जणू तो याच मातीत, याच तलावाच्या पाण्यात जन्मला असावा. मी थांबले नाही, ओळख दिली नाही. पण घरापर्यंत चाल जरा ताठ राहिली.

सांगायचं आणखी एक. पुढच्या दिवाळीला गावासाठी बियाणं आणायला मी माहेरी निघाले, तर आत्याबाई पिशवी घेऊन दाराशी उभ्या. "मीबी येते संगं. कशी राह्यते तुही काळी माती, पाहू दे." सावलीच्या पलीकडे त्या क्वचितच गेल्या होत्या. चंद्रपूरच्या स्टँडवर आम्ही गडचांदूरची गाडी पकडली. गाडीत त्यांच्या शेजारी त्यांच्याच वयाची एक बाई बसली होती. बायांची जशी पद्धत असते तशी तिनं चौकशी सुरू केली. गाव कोणतं, घर कोणाचं, तुम्ही कोणाच्या?

नवऱ्याचं नाव आत्याबाई कधी घेत नसत. अशा वेळी त्या मुलाचं नाव सांगत, अमक्याची माय म्हणत. मी खिडकीशी बसून ऐकत होते. त्यांनी हातातली पिशवी मांडीवर सारखी केली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या,

"मी हिची सासू होय. आमच्या गावात ज्वारी पेरते ते हीच."